५.९ नंतर ५.१०: कातळावरचा ग्रेड कोण ठरवतं आणि कसा?

कातळवाट

पावसाळा सरला की ट्रेकच्या जाहिराती सुरू होतात आणि प्रत्येकीत एक ओळ ठरलेली असते: ‘श्रेणी – कठीण’. कलावंतीण कठीण, अलंग-मदन-कुलंग कठीण, लिंगाणाही कठीण. पहिल्या ठिकाणी माणसं कोरलेल्या पायऱ्यांवरून चढतात, दुसऱ्या ठिकाणी कातळटप्प्यांना रोप लावावा लागतो, तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ सगळी चढाई दोराला बांधून घेऊन करायची असते. शब्द मात्र तिन्हींना एकच. मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की, परदेशात म्हणे प्रत्येक रूटला (कातळावरच्या चढाईच्या वाटेला) आकडा असतो, तो मोजतात कसा? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

सरळ उत्तर द्यायचं तर, मोजत नाहीत. जो माणूस एखादा रूट सगळ्यात आधी फ्री चढतो, तो एक आकडा सुचवतो. फ्री म्हणजे दोर फक्त पडलो तर झेलायला. वर जायचं ते स्वतःच्या हातापायांनी, कातळाला धरून. आकडा सुचवताना तो आधी चढलेल्या रूट्सशी मनात ताडून पाहतो. मग दुसरे येतात, तिसरे येतात, कुणी म्हणतं बरोबर आहे, कुणी म्हणतं एक पायरी खाली आणा. काही वर्षांनी आकडा स्थिरावतो. कुठलीही समिती नाही, उपकरण नाही, सूत्र नाही.

सगळ्यात जास्त कानावर पडते ती योसेमिटी डेसिमल सिस्टिम (योसेमिटी ही कॅलिफोर्नियातली कड्यांसाठी प्रसिद्ध दरी). नाव योसेमिटीचं असलं तरी तिचे दशांश जन्मले दक्षिण कॅलिफोर्नियात, ताकिट्स नावाच्या ग्रॅनाइटच्या कड्यावर. त्याआधी १९३७ मध्ये सिएरा क्लब या अमेरिकन संस्थेने डोंगरातल्या चालीचे सहा वर्ग केले होते. पहिला म्हणजे पाऊलवाट. दुसऱ्यात मधूनमधून हात टेकावा लागतो, तिसऱ्यात हात-पाय दोन्ही कामाला लागतात. चौथ्यात घसरलात तर जिवावर बेतेल, म्हणून बरेच जण दोर बाहेर काढतात. पाचवा म्हणजे बिले (खालून जोडीदाराने दोर सांभाळणं) आणि फटीत ठोकलेल्या मेखा यांच्या संरक्षणात केलेली खरी चढाई. आणि सहाव्यात कातळाला धरून चढणं शक्य नाही असं मानून मेखांनाच लटकत वर सरकायचं.

पाचव्या वर्गाच्या पोटातच जमीन-अस्मानाचा फरक होता. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉयल रॉबिन्स, डॉन विल्सन आणि चक विल्ट्स या क्लाइंबरांनी त्याचे ५.० ते ५.९ असे दहा भाग पाडले. १९५२ मध्ये रॉबिन्स ताकिट्सवरचा ‘ओपन बुक’ फ्री चढला आणि तो ५.९ मानला गेला, म्हणजे पट्टीचं वरचं टोक. पुढच्या दशकात त्याहून अवघड रूट चढले जाऊ लागले तेव्हा पंचाईत झाली. गणिताप्रमाणे पुढचा आकडा ६.० यायला हवा, पण सहावा वर्ग तर मेखांच्या चढाईला दिलेला! त्यातून ५.१० आला. तो ‘पाच पूर्णांक एक दशांश’ असा वाचायचा नाही, ‘फाइव्ह-टेन’ असा वाचायचा. मग त्या एका ५.१० मध्ये इतकं काही कोंबलं गेलं की १९७० च्या दशकात जिम ब्रिडवेलने त्याचे ए, बी, सी, डी असे चार तुकडे केले. आज ही पट्टी ५.१५डी पर्यंत पोचली आहे.

बंद पट्टीचा एक परिणाम अजून शिल्लक आहे. वरच्या टोकाच्या पलीकडे काही असू शकतं हे मान्यच नसल्याने जुन्या लोकांनी बरेच भयंकर रूट ५.९ म्हणून नोंदवून ठेवले. अमेरिकेतल्या जुन्या कड्यांवरचा ५.९ पाहून ५.१० चढणारेही दोनदा विचार करतात, ते यामुळे.

आल्प्समध्ये हेच घडलं. १९२० च्या दशकात विलो वेल्झेनबाख या जर्मन गिर्यारोहकाने एक ते सहा अशी पट्टी केली आणि सहावा म्हणजे माणसाच्या क्षमतेची हद्द. हद्द लिहून ठेवली की ती ओलांडणाऱ्यालाही सहाच मिळतो. १९७७ मध्ये हेल्मुट कीने आणि राइनहार्ड कार्ल यांनी ऑस्ट्रियातल्या कायझर डोंगररांगेत ‘पुम्परिसे’ चढून त्याला उघडपणे सातवा ग्रेड दिला. त्यानंतर यूआयएए या गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपली पट्टी वरून मोकळी केली. ऑस्ट्रेलियात जॉन युबँक यांनी १९६० च्या दशकातच ही भानगड टाळली होती: १ पासून सरळ आकडे, दशांश नाहीत, अक्षरं नाहीत, शेवटही नाही. मला सगळ्यात स्वच्छ पद्धत हीच वाटते.

स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये (कातळात कायमच्या ठोकलेल्या बोल्टना दोर अडकवत केलेल्या चढाईत) मात्र आज जगभर बोलबाला फ्रेंच पट्टीचा. ६ए, ६ए+, ६बी असं चढत सध्या ९सी पर्यंत. साधारण मेळ घालायचा तर ७ए म्हणजे ५.११डी, ८ए म्हणजे ५.१३बी, ९ए म्हणजे ५.१४डी.

आता एखादा आकडा प्रत्यक्षात बनतो कसा ते जवळून पाहू. नॉर्वेत फ्लाटांगरला हान्सहेलेरेन नावाची प्रचंड गुहा आहे. तिच्या छतातून जाणारा ‘सायलेन्स’ हा रूट चेक क्लाइंबर अ‍ॅडम ओंड्राने ३ सप्टेंबर २०१७ ला पूर्ण केला आणि ९सी सुचवला. तोवर जगात ९सी नव्हताच. मग ताडून पाहिलं कशाशी? त्याने रूटचे तुकडे केले. सुरुवातीचे साधारण २० मीटर वेगळे धरले तर ८बी. तिथे गुडघा खडकात अडकवून दम घ्यायला जागा मिळते. त्यानंतर दहा हालचालींचा मुख्य टप्पा. तो एकटाच उचलून जमिनीलगत ठेवला तर बोल्डरिंगचा (दोराशिवाय, बुटक्या धोंड्यांवरच्या चढाईचा; तिची पट्टी वेगळी) ८सी. तिथे पाय डोक्याच्या वर फटीत अडकवून, उलटं होऊन अंग वळवावं लागतं. तेवढं जमलं तरी पुढे आणखी अवघड चढाई शिल्लकच. प्रत्येक तुकड्याच्या जोडीचं काहीतरी तो इतरत्र चढलेला होता. शिवाय त्याच गुहेतला ‘चेंज’ हा जगातला पहिला ९बी+ त्यानेच २०१२ मध्ये चढला होता आणि सायलेन्सला त्याहून कितीतरी जास्त मेहनत लागली होती. एवढ्या सगळ्यावरून ९सी.

आणि आता माझा खरा मुद्दा. या आकड्यात ‘पडलो तर काय’ याचं उत्तर नाही. सायलेन्सवर ओंड्रा असंख्य वेळा पडला आणि दर वेळी दोराने त्याला झेललं, कारण बोल्ट भक्कम आणि खाली मोकळी हवा. उलट आपला लिंगाणा घ्या. सरावलेल्या माणसाला तिथल्या हालचाली सोप्या. फ्रेंच पट्टीवर त्या तळाशीच बसतील. पण घसारा आहे, सुटे दगड आहेत, दोन्ही अंगांना दरी आणि जबरदस्त दृष्टीभय आहे. ‘कठीण’ या एका शब्दात आपण या दोन निराळ्या गोष्टी कोंबतो. मग रोज जिमला जाणारा तरुण ‘कठीण म्हणजे दमछाक होईल’ एवढाच अर्थ घेतो आणि धोक्याकडे त्याचं लक्षच जात नाही. सह्याद्रीतल्या प्रत्येक कातळटप्प्याला दोन वेगळ्या नोंदी हव्यात: हालचाल किती अवघड, आणि पडल्यास परिणाम काय. जाणकारांनी लिहावं.

---

निळावंती

फार छान धागा. ५.९ नंतर ५.१० का, हे आज पहिल्यांदा कळलं. एक प्रश्न: उंची कमी असेल तर तोच रूट जास्त अवघड होणार ना? माझी उंची पाच फूट. जिममधल्या वॉलवर उंच मुलं ज्या होल्डला (पकडायच्या खुंटीला) सहज हात लावतात तिथे मला उडी मारावी लागते. मग ग्रेड कुणाच्या मापाचा?

---

उत्तर_इंग्लंडकर

कातळवाट, तुम्ही मागताय त्या दोन नोंदी इथे ब्रिटनमध्ये कित्येक दशकं आहेत. मँचेस्टरहून तासा-दीड तासावर स्टॅनेज म्हणून ग्रिटस्टोनची (खरबरीत वालुकाश्माची) मैलोनमैल लांब कड आहे. तिथे बोल्ट मारत नाहीत, तसा दंडकच आहे. चढताना फटींमध्ये आपणच नट नाहीतर कॅम (फटीत अडकणारी धातूची साधनं) बसवायचे आणि मागून चढणाऱ्या जोडीदाराने ते काढून आणायचे. जिथे फट नाही तिथे संरक्षणही नाही. त्यामुळे नुसता हालचालीचा ग्रेड कुणाच्या उपयोगाचा नाही.

इथे प्रत्येक रूटला दोन ग्रेड लागतात. पहिला एकंदर गांभीर्याचा: मॉडरेट, डिफिकल्ट, व्हेरी डिफिकल्ट, सिव्हिअर, व्हेरी सिव्हिअर, हार्ड व्हेरी सिव्हिअर आणि मग एक्स्ट्रीम, ज्याचे १९७० च्या दशकात ई१, ई२, ई३ असे वर मोकळे सोडलेले भाग पाडले. दुसरा ग्रेड फक्त सगळ्यात अवघड हालचालीचा: ४सी, ५ए, ५बी, ५सी, ६ए. (हे आकडे फ्रेंच आकड्यांसारखे दिसतात पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कृपया गल्लत नको.)

खरी माहिती मिळते ती दोन्ही एकत्र वाचल्यावर. ई१ ५बी ही नेहमीची जोडी. ई१ ६ए दिसलं तर समजायचं की एखादीच फार अवघड हालचाल आहे आणि नट अगदी नाकासमोर बसतोय. पडलात तर फूटभर खाली याल. ई१ ४सी दिसलं तर अंगावर काटा यायला हवा. हालचाली हलक्या आहेत, तरीही एकंदर ग्रेड ई१, म्हणजे बराच वेळ संरक्षणाशिवाय चढायचं आहे आणि तिथून पडलेला माणूस जमिनीवर येऊ शकतो.

याचं टोकाचं उदाहरण वेल्समधल्या क्लॉगविन डर आर्डू या कड्यावरचा ‘इंडियन फेस’. जॉनी डॉजने १९८६ मध्ये चढला, ई९ ६सी. नुसत्या हालचालींच्या दृष्टीने त्या वर्षीही युरोपात याहून बरेच अवघड स्पोर्ट रूट चढून झालेले होते. पण इथे वरच्या भागात लावलेली साधनं पडणाऱ्या माणसाला पेलतील याचा भरवसा नाही. इतक्या वर्षांत तो पुन्हा चढणारे लोक बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आणि विशेषणांबद्दल तुमचं निरीक्षण इथेही लागू आहे. ‘डिफिकल्ट’ वगैरे नावं शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. आज नवख्या माणसाला पहिल्या दिवशी ‘डिफिकल्ट’ आणि ‘व्हेरी डिफिकल्ट’ रूटवरच नेतात. विशेषण जागच्या जागी राहिलं आणि माणसांची क्षमता पुढे गेली.

---

अनुजा_सेटर

@निळावंती, मी क्लाइंबिंग जिममध्ये रूट सेटिंग करते (वॉलवर होल्ड बसवून नवे रूट तयार करते), म्हणून तुमच्या प्रश्नावर लिहिते.

ग्रेड कुणाच्याच मापाचा नसतो, तो सरासरीचा असतो. आणि जिथे सेट करणारे आणि चढणारे बहुतेक पुरुष, तिथे ती सरासरी उंच माणसाकडे झुकते, हे स्पष्ट म्हणायलाच हवं. मी रूट लावल्यावर निदान दोन वेगळ्या बांध्याच्या माणसांकडून तो चढवून घेते. लांब हात टाकण्याची एकच हालचाल असलेला रूट मी सोप्या ग्रेडला लावतच नाही, कारण उंच माणसासाठी तो ६ए असेल आणि तुमच्यासाठी ७ए, मग कार्डावर काय लिहू? मधे पायासाठी एक बारका होल्ड वाढवला की प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. तुमच्या जिममध्ये सेटरला सांगा, सांगायलाच हवं.

पण कमी उंचीचा फायदाही असतो. अमेरिकन क्लाइंबर लिन हिल १९९३ मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरचा ‘द नोज’ पूर्ण फ्री चढली. त्याआधी ते कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांनाही नाही. उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. ‘ग्रेट रूफ’ या टप्प्यातल्या बारीक फटीत तिची बोटं बसली, जिथे जाड बोटांच्या क्लाइंबरांना पकडच मिळत नव्हती. वर ‘चेंजिंग कॉर्नर्स’ नावाचा टप्पा आहे, जवळजवळ गुळगुळीत कोपरा; तिथे तिने दोन्ही भिंतींवर हात, पाय, कोपर दाबून अंग पिळत वाट काढली. तो टप्पा आज ५.१४ए मानतात. पुढच्याच वर्षी तिने सगळा नोज २४ तासांच्या आत फ्री चढून दाखवला. त्या टप्प्याचा ग्रेड सहा फुटी माणसाने ठरवायचा की तिने? दोघांनी मिळून, असंच मी म्हणेन. वीस-पंचवीस वेगवेगळ्या शरीरांनी चढून झाल्यावर जो आकडा उरतो त्यावर माझा विश्वास आहे, पहिल्यावर नाही.

आणखी एक. स्पर्धेत ग्रेड नसतो. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, तिथल्या कुठल्याही बोल्डरवर आकडा लावलेला नव्हता. तिथे सेटरचं काम वेगळं असतं: सगळे वर पोचले तर निकाल लागत नाही, कुणीच पोचलं नाही तरीही लागत नाही. वीस जणांना एकमेकांपासून वेगळं करणारे चार बोल्डर लावायचे असतात. ग्रेडपेक्षा ते कितीतरी अवघड काम.

---

सुळकाप्रेमी

धागा वाचला. माहिती उत्तम. पण सह्याद्रीतल्या सुळक्यांना आकडे देण्याला माझा विरोध आहे आणि तो मी कारणं देऊन मांडतो. ऐंशीच्या दशकात आम्ही मेखा-हातोडा घेऊन सुळके चढलो आहोत.

पहिलं कारण. तुम्हीच लिहिलंत की आकडा स्थिरावायला अनेकांनी तो रूट चढावा लागतो. आपल्या किती सुळक्यांवर वर्षाला दोन-चारपेक्षा जास्त चमू जातात? आणि जे जातात ते आधीच्यांचे बोल्ट धरून, स्लिंगमध्ये (पट्ट्याच्या फासात) पाय देऊन जातात. ते फ्री नव्हेच. मग ताडून कोण पाहणार?

दुसरं कारण आपला दगड. बेसाल्टचे थर एकावर एक बसलेत आणि मधूनमधून लाल, ठिसूळ थर येतो. टणक कातळात चांगली खाच मिळते आणि लगेच वरच्या हातभर पट्ट्यात मूठभर माती हातात येते. दर पावसाळ्यात काहीतरी निसटतं. मागच्या वर्षी ज्या दगडावर उभं राहून मेख ठोकली तो या वर्षी तिथे नसतो. योसेमिटीच्या ग्रॅनाइटला हे लागू नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: जुने बोल्ट. हाताने भोक पाडून ठोकलेले, गंजलेले. त्यांच्या भरवशावर कुणी ‘५.७’ लिहिलं तर जिममध्ये ५.१० चढणारा पोरगा म्हणेल की हे तर सोपं. त्याला कोण सांगणार की तो ज्याला लटकणार आहे ती मेख आमच्या वयाची आहे? आकडा नसेल तर तो निदान कुणाला तरी विचारेल.

---

कातळवाट

@सुळकाप्रेमी काका, तुमच्या पिढीने जे केलं त्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि लाल थराबद्दल लिहिलंत ते अक्षरशः खरं आहे. पण तुमची तिसरी हरकत माझ्याच बाजूची आहे. ‘५.७’ एवढंच लिहिणं धोक्याचं, हेच मी म्हणतोय. ‘५.७, बोल्ट जुने आणि हाताने ठोकलेले, दुसऱ्या टप्प्यात पडल्यास खालच्या कंगोऱ्यावर आदळण्याची शक्यता’ असं लिहिलं तर तो पोरगा थांबेल. अमेरिकेत जिम एरिक्सनने १९८० मध्ये नेमक्या याच कारणाने ग्रेडपुढे धोक्याची अक्षरं जोडली. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवरून घेतलेली: पीजी, आर आणि एक्स. आर असेल तर पडल्यावर गंभीर दुखापत होऊ शकते, एक्स असेल तर जीव जाऊ शकतो. ५.८ एक्स आणि ५.१२ यांत कुठला निवडायचा हे मग ज्याचं त्याने ठरवावं.

बोल्ट-स्लिंग धरून केलेल्या चढाईबद्दल. त्यालाही पट्टी आहेच आणि ती आपल्या सुळक्यांना जास्त लागू पडते. ए० म्हणजे लावलेलं साधन धरून किंवा त्यावर पाय देऊन पुढे जाणं. ए१ म्हणजे प्रत्येक मेख पडणाऱ्याला झेलेल. ए२, ए३ करत वर जाताना भरवशाच्या मेखांमधलं अंतर वाढत जातं. ए५ म्हणजे एका पाठोपाठ एक अशा जागा, ज्या फक्त उभ्या माणसाचं वजन पेलतील. त्यातली एक निसटली की मागची सगळी माळ उसवत जाणार. म्हणजे मेखांच्या चढाईत ग्रेड हा बव्हंशी धोक्याचाच ग्रेड आहे. तुम्ही ऐंशीच्या दशकात जे चढलात त्यातल्या कित्येक टप्प्यांना ए२-ए३ म्हणता येईल आणि ते तुम्हा लोकांशिवाय कुणाला सांगताच येणार नाही.

दगड दरवर्षी बदलतो, हे मान्य. म्हणून नोंदीवर महिना आणि वर्ष हवं. जुनी नोंद पुसायची नाही, खाली नवी लिहायची.

---

सुळकाप्रेमी

महिना-वर्ष घालून नोंद, ही सूचना पटली. ए-ग्रेडबद्दल विचार करतो. आमच्या वेळच्या वह्या एका मित्राकडे आहेत, त्यात टप्प्याटप्प्याने कुठे कोणती मेख बसली ते लिहिलेलं आहे. फ्री ग्रेड देण्याला विरोध अजून कायम.

---

रानजाई

युबँकच्या पद्धतीचं कौतुक वाचलं म्हणून एक भर. त्यांची मूळ कल्पना एकाच आकड्यात सगळं धरण्याची होती: हालचाल, लांबी, दगडाचा दर्जा, दृष्टीभय, संरक्षण. म्हणजे कातळवाट ज्याला विरोध करताहेत तेच! आज ऑस्ट्रेलियातही आकडा मुख्यतः हालचालींचा म्हणूनच वाचला जातो आणि धोक्याबद्दल शब्दांत लिहितात. एका आकड्याने दोन कामं होत नाहीत हे त्यांच्याकडेही दिसलं.

दुसरं, ‘अनेकांनी चढल्यावर आकडा स्थिरावतो’ हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण त्यापायी माणसांची आयुष्यं गेली आहेत. फ्रान्समधल्या फ्रेड रूलिंगने १९९५ मध्ये शारांत भागातल्या एका गुहेत ‘अकिरा’ चढून त्याला ९बी दिला. चारच वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, वोल्फगांग ग्युलिशने जर्मनीत फ्रँकनयुरा भागात ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ चढला होता, जो आज ९ए चा मापदंड मानतात; दोन बोटं जेमतेम मावतील अशा खड्ड्यांवरून उड्या आहेत त्यात. त्याहून दोन पायऱ्या वरचा दावा एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या माणसाने केला, आणि लोकांनी ग्रेडवर शंका घेतलीच, शिवाय तो चढलाच नाही असंही म्हणू लागले. खोटारडेपणाचा शिक्का त्याच्यावर कित्येक वर्षं राहिला.

२०२० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, ल्युसिएँ मार्टिनेझ आणि सेब बुएँ हे दोघे तिथे गेले आणि दोघांनीही अकिरा चढला. त्यांनी ग्रेड सुचवला ९ए. ९बी टिकला नाही, पण १९९५ मधला ९ए ही सुद्धा जगातल्या मोजक्या लोकांच्या आवाक्यातली गोष्ट होती. मला या प्रकरणात राग येतो तो एवढ्यासाठी की आकड्याची शंका आणि माणसाच्या सचोटीची शंका या दोन गोष्टी लोकांनी सर्रास एक केल्या. नवीन प्रकारची चढाई असेल (अकिरा जवळजवळ आडव्या छतातून जातो), ताडून पाहायला जवळपास काही नसेल, तर चांगल्यातल्या चांगल्या क्लाइंबरचा आकडा दोन पायऱ्या इकडेतिकडे होणारच. आपल्याकडे कुणी तरुण मुलगा-मुलगी नवीन रूट उघडून आकडा सुचवेल तेव्हा कृपया हे लक्षात ठेवा.

---

पाषाणभेद_ठाणे

वाचतोय. सुळकाप्रेमी आणि कातळवाट, दोघांचेही प्रतिसाद आवडले.

डिसेंबरात आम्ही काही जण आधी हंपी आणि तिथून बदामी असं जाणार आहोत. हंपीच्या बोल्डरांचे ग्रेड आणि बदामीच्या रूटचे ग्रेड दोन्ही ७ए असे दिसतात. जिममध्ये मी ६बी बोल्डर करतो. मग बदामीत ६बी लीड (स्वतः पुढे राहून दोर बोल्टमध्ये अडकवत चढणं) जमेल का?

---

अनुजा_सेटर

@पाषाणभेद_ठाणे, ते दोन ७ए वेगळे आहेत. बोल्डरचा ग्रेड पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलातून आलेला. तिथे वाळूच्या जमिनीवर वालुकाश्माचे धोंडे विखुरलेत आणि शंभरहून अधिक वर्षं लोक त्यांवर चढताहेत. तिथला ‘मारी-रोझ’ रने फेर्लेने १९४६ मध्ये चढला आणि तो पहिला ६ए मानतात. दुसरी पट्टी व्ही-ग्रेडची, ती जॉन शर्मनने टेक्सासमधल्या ह्यूको टँक्सला सुरू केली. व्ही० पासून आज व्ही१७ पर्यंत. फाँतेनब्लोचा ७ए म्हणजे साधारण व्ही६.

बोल्डरचा ७ए चार-सहा हालचालींत सगळी ताकद मागतो. रूटच्या ७ए मध्ये एवढी अवघड हालचाल एकही नसते, पण पंचवीस मीटरभर मध्यम अवघड हालचाली सलग कराव्या लागतात आणि हाताचे पुढचे स्नायू दगडासारखे होतात. म्हणजे ६बी बोल्डर करणाऱ्याच्या बोटांत ६बी रूटपेक्षा जास्त ताकद असते. दम, लीड करताना क्लिप मारण्याची सवय आणि पडण्याची भीती या गोष्टी मात्र बोल्डरिंगमध्ये शिकायला मिळत नाहीत. शिवाय जिम आणि बाहेरचा दगड यांत फरक पडतोच. पुण्यातलं मध्यम तिखट आणि कोल्हापुरातलं मध्यम तिखट, तसं आहे ते. बदामीत पहिल्या दिवशी ५सी-६ए पासून सुरू करा, दगडाचा अंदाज येऊ द्या.

---

कातळवाट

अनुजाताईंनी सगळं लिहिलंच आहे, बदामीपुरती भर. तिथला दगड लाल वालुकाश्म, अंगचा पक्का आणि होल्ड बहुतेक ठिकाणी आडव्या थरांच्या कडांवर मिळतात. ६ए च्या आसपासचे भरपूर रूट आहेत आणि वर ‘गणेश’ या ८बी+ पर्यंत मजल जाते, त्यामुळे गटातल्या सगळ्यांना काही ना काही मिळेल. गुंफांच्या परिसरात आणि माकडांच्या वाटेवर खाण्याच्या पिशव्या उघड्या ठेवू नका.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्याच. अवकाळी पाऊस झाला तर दगड वरून कोरडा दिसला तरी लगेच चढू नका. वालुकाश्म आत पाणी धरतो आणि ओला असताना कमकुवत होतो. कडेला लटकलात तर होल्डच तुटून हातात येतो. तुमच्या सुरक्षेचा प्रश्न आहेच, पण तुटलेला होल्ड परत बसवता येत नाही आणि त्या रूटचा ६बी कायमचा ६सी होऊन बसतो. दिवसभर उन्हं पडलेली बघा, शक्य असेल तर दोन दिवस थांबा, तोवर बाजूच्या डोंगरावरचा किल्ला आणि गुंफा पाहून घ्या.

---

पाषाणभेद_ठाणे

धन्यवाद दोघांनाही. गटात दोन मुली पहिल्यांदाच बाहेरच्या दगडावर चढणार आहेत, त्यांना हा धागा पाठवला. परत आल्यावर जे रूट चढू त्यांच्या नोंदी महिना-वर्ष घालून इथे टाकतो, बोल्ट कसे दिसले त्यासकट.